माणसं ९ ची ३४ झाली, पण किल्ली अजून माझ्याच खिशात

टर्नर_ते_मालक (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसता वाचत आलोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. लांबलाय, चहा घेऊन बसा.

बेळगावच्या उद्यमबागेत आमचं मशीन शॉप आहे. २०१७ साली भाड्याच्या शेडमध्ये दोन जुन्या लेथ आणि एक ड्रिलिंग मशीन टाकून सुरुवात केली. मी मूळचा आयटीआयचा टर्नर. तेव्हा मी धरून ९ माणसं. आज चार व्हीएमसी आणि पाच सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी कटिंगची मशीनं), ३४ माणसं आणि दोन पाळ्या. फौंड्रीतून (ओतकामाच्या कारखान्यातून) आलेल्या व्हॉल्व्ह आणि पंपाच्या कास्टिंगचं, म्हणजे ओतीव भागांचं, मशीनिंग हे मुख्य काम. ऑर्डरची तक्रार नाही. तक्रार माझ्या डोक्याची आहे.

गेल्या महिन्यात मावशीच्या बाराव्याला चंदगडच्या पुढं गेलो होतो. तिथं रेंज नाही. परतताना शिनोळीपाशी फोन जिवंत झाला आणि १७ मिस्ड कॉल दिसले. सकाळी अकरापासून पाच तास एक व्हीएमसी उभी होती. का, तर इन्सर्ट (हत्याराला लावायची कापणारी पाती) संपले. नवीन डबा स्टोअरच्या कपाटात होता. कपाटाला कुलूप आणि किल्ली माझ्या खिशात! गावातला दुकानदार उधारीवर द्यायला तयार होता, ३,८०० रुपयांचा माल. पण स्टोअरच्या पोरानं उचलला नाही. कोल्हापूरची गाडी अर्धी रिकामी गेली ते वेगळंच.

आल्या आल्या पोराला झाडला. तो मान खाली घालून म्हणाला, "मला विचारल्याशिवाय माल उचलायचा नाही म्हणून तुम्हीच सांगितलासा की." खरं होतं. तो नियम मीच २०१८ ला काढला होता, तेव्हा एका माणसानं दुकानातून परस्पर माल उचलून विकला होता म्हणून. तो माणूस गेला, नियम राहिला.

मागच्या वर्षी बाहेरगावचा एक मॅनेजर ठेवून बघितला. शिकलेला, चांगला माणूस, पगार ५५ हजार. चार महिन्यांत गेला. जाताना म्हणाला, "साहेब, तुम्हाला मॅनेजर नको, निरोप्या हवा." तेव्हा राग आला होता.

आणि आमचे मामा. आईचे चुलतभाऊ, वय ५८, पहिल्या दिवसापासून बरोबर. लेथचा आवाज लांबून ऐकून बेअरिंग गेलंय का सांगतात. तपासणी, डिस्पॅच (माल रवाना करणं), स्टोअर, पोरांची उचल, सगळ्यात त्यांचा हात. पण कॉम्प्युटरला हात लावत नाहीत आणि नवीन सुपरवायझरला 'ते पोरगं' म्हणतात.

तर प्रश्न असा: आधी मॅनेजर ठेवू, की सुपरवायझरच वर काढू? मामांना कुठं बसवू? कुणी काय करायचं याचा तक्ता भिंतीवर लावून काही होतं का?

---

तिसरे_गेट

तक्ता राहू दे. एक दिवस खिशात वही ठेवा. शेडमध्ये पाऊल टाकल्यापासून कोण काय विचारायला आलं, प्रत्येकाची एक ओळ. उत्तर काय दिलंत ते नको, प्रश्न तेवढा लिहा. मग बोलू.

(आणि सीमाप्रश्न, पाट्या वगैरे इथं कुणी आणू नका, मागचा चांगला धागा त्यातच गेला.)

---

पुण्यात_बेळगावकर

दादा, तुमच्यासारखंच आमच्या आयटीत होतं, फक्त ग्रीस नसतं. गणित बघा. ९ माणसांत दोघादोघांच्या जोड्या होतात ३६. ३४ माणसांत ५६१. म्हणजे माणसं चौपटीच्याही आत आणि गैरसमजाच्या जागा पंधरा पटींनी जास्त. ९ जणांत सगळं सगळ्यांना आपोआप कळतं, ३४ जणांत आपोआप काहीच कळत नाही.

लॅरी ग्रायनर यांनी १९७२ साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये मांडलं होतं की धंदा ज्या पद्धतीनं वाढतो, तीच पद्धत पुढच्या टप्प्यावर अडचण होऊन बसते. पहिला टप्पा संस्थापकाच्या कर्तबगारीवर चालतो आणि पहिलं संकटही नेतृत्वाचंच येतं. ते निस्तरायला वरून शिस्त आणली की पुढचं संकट खालच्यांच्या स्वायत्ततेचं, मोकळं सोडलं की मग नियंत्रणाचं. तुम्ही पहिल्या वळणावर आहात.

मी म्हणेन तिमाही उद्दिष्टं ठरवा, मॅट्रिक्स रचना (एका माणसाला दोन साहेब) करा, आकड्यांचा डॅशबोर्ड लावा.

---

तिसरे_गेट

@पुण्यात_बेळगावकर वरचे दोन परिच्छेद झकास. तिसऱ्यासाठी तुम्हाला एक आठवडा फेटलिंगला (कास्टिंग घासून साफ करायला) बसवलं पाहिजे.

---

टर्नर_ते_मालक

वही लिहिली. काल एका दिवसात ४१ प्रश्न.

"आधी कुठला जॉब लावू?" १३ वेळा. बारीकसारीक खरेदी ९. उचल आणि रजा ७. "हा पीस मापात धरायचा का?" ५. गिऱ्हाइकाचा फोन आलाय, काय सांगू, ४. बाकी ३, त्यातला एक पाण्याच्या टाकीत पाल पडल्याचा.

रात्री बायकोला दाखवलं. ती हिशेब आणि पगार बघते. म्हणाली, "पालीचंसुद्धा तुम्हीच उत्तर दिलात ना?" दिलं होतं.

---

जुना_ओतकामवाला

आपली वही वाचून मजा वाटली. मी ३५ वर्षं फौंड्रीत काढली, शेवटची १२ वर्षं कारखाना सांभाळला. आता निवृत्त, टिळकवाडीत बाग बघतो.

ओतकामात एक सोय असते. भट्टीतून लाडल (वितळलेल्या लोखंडाची बादली) निघाली की लोखंड १,४०० अंशांच्या आसपास असतं आणि ते थंड होऊ लागतं. मालकाला फोन लावून "ओतू का" असं विचारत बसलात तर रस जागच्या जागी घट्ट होईल आणि अख्खी हीट (एका वेळी वितळवलेला सगळा रस) भंगारात जाईल. म्हणून कुठल्याही फौंड्रीत ओतायचं की थांबायचं हे लाडलपाशी उभा असलेला मेस्त्रीच ठरवतो. मालक तिथं उभा असला तरी गप्प असतो. मशीन शॉपमध्ये लोखंड थंड असतं, त्यामुळे उशिरानं झालेलं नुकसान डोळ्यांना दिसत नाही, एवढाच फरक. तुमची व्हीएमसी पाच तास उभी राहिली, ती हीट गेली असंच समजा.

आता तुमच्या ४१ प्रश्नांकडे. १३ वेळा "कुठला जॉब लावू" हे विचारणाऱ्यांचं अज्ञान नव्हे. उद्याचा क्रम तुमच्या डोक्यात आहे आणि तो फळ्यावर नाही. संध्याकाळी पाचला सुपरवायझरबरोबर दहा मिनिटं बसा, दुसऱ्या दिवसाचा क्रम त्याच्या अक्षरात फळ्यावर लिहू द्या. मधे क्रम बदलायचा तर तुम्हीसुद्धा त्यालाच सांगायचं, ऑपरेटरला नाही. यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात अवघड आहे. तुमचा मॅनेजर मला वाटतं याच वाक्यापायी गेला.

"मापात धरायचा का" हे पाच प्रश्न मात्र वेगळ्या जातीचे. माल पास करणारा माणूस उत्पादन काढणाऱ्याच्या हाताखाली कधीही ठेवू नये. संध्याकाळी नग भरायचे असले की डोळा आपोआप सैल होतो. त्याची ओळ सरळ तुमच्यापर्यंत हवी.

एक जुनी गोष्ट सांगतो, आपल्याच गावची आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं, पुढं लोखंडी नांगर केला. १९१० मध्ये इथली जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी कुंडल रोड स्टेशनजवळ माळरान दिलं आणि पैशांची मदत केली, तीच किर्लोस्करवाडी. आपण 'एकट्या माणसानं उभं केलं' म्हणतो. पण गावाची आखणी आणि कारभार भाऊ रामूअण्णांकडे, हिशेब मंगेशराव रेग्यांकडे, यंत्रांचं काम शंभूराव जांभेकरांकडे होतं. शाळा सोडलेले अनंतराव फळणीकर तिथं कल्पक इंजिनियर ठरले. रात्रीची राखण तर शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर सोपवली होती. आणि इथं आपल्याला इन्सर्टच्या डब्याची किल्ली देववत नाही! (रागावू नका, मीही तसाच होतो.)

---

मच्छे_एमआयडीसी_नव्हे_इस्टेट

ओतकामवाले काका, किर्लोस्करांपर्यंत कशाला, इथं बेळगावजवळ मच्छेतच सुरेश हुंद्रे यांनी त्यांच्या पॉलिहायड्रॉन कंपनीत स्वयंव्यवस्थापन आणि नीतीनं धंदा हे करून दाखवलं की. देखरेखच कमी करा, माणसं स्वतः सांभाळतात.

---

जुना_ओतकामवाला

@मच्छे मान्य. पण तिथं कामगारांपुढे हिशेबाची पुस्तकं उघडी होती, नियम मालकालाही लागू होते आणि ते वर्षानुवर्षं मुरवलं होतं. यांनी सोमवारी सुपरवायझर काढून टाकले तर मंगळवारी हे स्वतः लेथवर दिसतील.

---

खानापूरची_सून

मी लोणची-मसाल्यांचा धंदा करते, २३ बायका. तुमच्या लोखंडातलं मला कळत नाही, पण मामा कळतात. आमच्याकडे सासूबाई होत्या.

मीठ-तिखटाचा अंदाज त्यांचाच. बरणीत हात घालून सांगायच्या. वाढल्यावर दोन पाळ्या झाल्या, दुसऱ्या पाळीचं लोणचं वेगळं लागू लागलं. मी वजनकाटा आणला आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "आता अंदाजपंचे नको." आठ दिवस त्या आल्या नाहीत. चूक काट्याची नव्हती, सगळ्यांसमोर बोलले ती होती. मग घरी पाय दाबता दाबता विचारलं, तुमचा हात काट्यावर कसा उतरवू? त्यांनी सात वेळा मूठ मोजून दिली. आज कागदावर जे प्रमाण आहे ते त्यांच्या मुठीचं आहे आणि ते त्या सगळ्यांना सांगतात.

मामांना शेडमध्ये बोलावून 'तुमची नवी जबाबदारी' असं काही सांगू नका. घरी जा. त्यांच्याकडे चार कामं आहेत, त्यातलं कुठलं काढून घेतलं तर त्यांना बरं वाटेल ते त्यांनाच विचारा. आणि 'सल्लागार' असलं बिनकामाचं पद देऊ नका. माणसाला ते पहिल्या दिवशी कळतं.

उचलीचं: आम्ही वार ठरवला, बुधवार. कमावलेल्या पगाराच्या अर्ध्यापर्यंत, हिशेबवालीकडेच मागायची. दवाखान्याला तेवढी सूट. पहिल्या महिन्यात दोन बायका माझ्या घरी आल्या. मी पाणी दिलं, चहा दिला, उचल दिली नाही. तिसरी आली नाही.

---

आकडेमोड

सीए आहे, नाव विचारू नका. दोन-तीन कोरड्या गोष्टी.

फर्म अजून एकट्याच्या नावावर दिसते. म्हणजे बँकेत सही एकट्याची. उद्या तुम्ही महिनाभर आजारी पडलात तर भिंतीवर कितीही सुंदर तक्ता असला तरी पगार निघणार नाही. प्रायव्हेट लिमिटेडला किमान दोन संचालक आणि दोन भागधारक लागतात, एलएलपीला (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीला) दोन भागीदार. कुठलं घ्यायचं ते कागद बघून ठरेल. पण घरातल्या पाच जणांना डायरेक्टरची कार्डं छापून देणं ही रचना नव्हे. जो काम करत नाही त्याचं नाव भागधारकांच्या यादीत शोभतं, शेडमध्ये नाही. ते होईपर्यंत निदान वहिनींना ठराविक रकमेपर्यंत अधिकारपत्रानं सहीचा अधिकार द्या.

खरेदीला मर्यादा घाला: मागणारा एक, मंजूर करणारा दुसरा, पैसे देणारा तिसरा. ३४ माणसांत तिघं मिळतील. २०१८ मधली तुमच्याकडची चोरी कुलपानं थांबली नव्हती, आज ती या तिघांनी थांबते.

ईएसआय (कामगार विमा) १० माणसांपासून आणि पीएफ २० पासून, हे करताय असं गृहीत धरतो. वसुलीचे फोनही स्वतः करणं सोडा. सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे खरेदीदारानं जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असं २००६ चा एमएसएमईडी कायदा सांगतो. मालकानं फोन केला की गिऱ्हाईक मैत्रीवर नेतं, हिशेबातून पत्र गेलं की तारखेवर बोलतं.

---

टर्नर_ते_मालक

सगळं पटतंय. पण एक मनातलं बोलतो, हसू नका. हे ४१ प्रश्न थांबले तर मी दिवसभर करू काय? नऊ वर्षं झाली, कुणीतरी "साहेब" म्हणून आत येतं आणि मी उत्तर देतो. परवा दोन तास कुणी आलं नाही तर मीच उठून मशीनवर गेलो आणि ऑफसेट (हत्याराच्या मापाची दुरुस्ती) बघत बसलो.

---

अंकलीचा_वारकरी

मी चिकोडी तालुक्यातला. धंद्यातलं कळत नाही, शिक्षक होतो, वारी करतो.

माऊलींच्या पालखीचे अश्व आमच्या अंकलीहून शितोळे सरकारांकडून जातात. एवढा लाखोंचा सोहळा, तो चालतो कसा हे नीट बघा. हैबतबाबा आरफळकर शिंद्यांच्या पदरी सरदार होते, त्यांनी लष्करासारखी शिस्त लावून दिली. दिंड्यांना नंबर, रथाच्या पुढं किती, मागं किती, ठरलेलं. दिंडीच्या आत कोण कुठं जेवणार, कोण मागं राहिलं, हे दिंडीतच निस्तरतं. त्यासाठी कुणी रथापर्यंत जात नाही.

पण मुक्कामाला समाजआरतीच्या वेळी चोपदार चोप (हातातला दंड) वर करतात आणि सगळे टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार आहे ती दिंडी तेवढी टाळ वाजवत राहते. चोपदार तिथं जातात, ऐकतात, निवाडा होतो, मग आरती. रोज, ठरल्या जागी, सगळ्यांच्या कानांदेखत.

तुमच्या शेडमध्ये दिवसभर सगळेच टाळ वाजतायत, म्हणून खरी तक्रार कुणाची ते तुम्हाला ऐकू येत नाही. साहेब करतात काय म्हणाल तर, चोपदार आरतीच्या वेळेपर्यंत मोकळे नसतात. पुढचा मुक्काम बघत असतात.

---

तिसरे_गेट

+१. वारकरी गुरुजींना दंडवत.

---

पुण्यात_बेळगावकर

माझं मॅट्रिक्स मागे घेतो.

---

टर्नर_ते_मालक

दोन महिन्यांनी येतोय, माफी असावी. काय काय झालं ते सांगतो.

मामांकडं घरी गेलो. बायको बरोबर होती. मी घाबरत घाबरत विषय काढला तर मामाच म्हणाले, "डिस्पॅच काढून घे बाबा, गुडघे बोलूलालेत. उचलीचंही नको, पोरं शिव्या मला देतात. पण पहिला पीस मी बघितल्याबिगर लॉट सुटायचा नाही, एवढं ठेव." म्हणजे ओतकामवाले काका म्हणाले तेच. आता तपासणी मामांकडे, एक डिप्लोमाची मुलगी हाताखाली. ती कॉम्प्युटरवर मापं टाकते, मामा गेज धरतात. दोघांचं भांडण रोज होतं, पण माल परत येणं कमी झालंय.

स्टोअरच्या पोराला एका वेळी ५ हजार आणि आठवड्याला २० हजारांपर्यंत न विचारता खरेदीची मोकळीक दिली. बिल सुपरवायझरच्या सहीनं, पैसे बायकोकडून. पहिल्या आठवड्यात त्यानं १,१०० चीच खरेदी केली, हात थरथरत असणार.

फळा लावला. कन्नड, मराठी, हिंदी तिन्ही. ओडिशाची दोन पोरं आहेत, ती हिंदी वाचतात. संध्याकाळी पाचची दहा मिनिटं आणि सकाळी सव्वाआठला फळ्यापाशी उभ्यानं पाच मिनिटं, ज्याची अडचण त्यानं तिथंच बोलायचं. गुरुजींमुळं पोरं त्याला 'आरती' म्हणतात.

आता फजिती. तिसऱ्या आठवड्यात सुपरवायझरनं जॉबचा क्रम चुकवला. कोल्हापूरच्या गिऱ्हाइकाचा फोन मला आला, तापलो आणि सरळ शेडमध्ये शिरून दोन ऑपरेटरना म्हटलं, "हे काढा, ते लावा." सुपरवायझर तिथंच होता. काही बोलला नाही. खिशातलं पेन काढून फळ्याच्या पट्टीवर ठेवलं आणि बाहेर जाऊन बसला. मला तो जुना मॅनेजर आठवला.

रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी 'आरती'ला, त्याच दोन ऑपरेटरसमोर बोललो की काल क्रम चुकला ती त्याची चूक, आणि मी परस्पर मशीन बदलली ती माझी. यापुढं मी तसं सांगितलं तर मशीन बदलू नका, त्याला विचारा. शेडमध्ये एकदम शांतता. मग मागून मामा म्हणाले, "लिहून दे." सगळे हसले. फळ्याच्या कोपऱ्यात तिन्ही भाषांत लिहून दिलंय, अजून पुसलेलं नाही.

परवा पुन्हा वही लिहिली. ४१ चे १६ झाले. "कुठला जॉब लावू" शून्य. पालीचा नाही. मोकळ्या वेळात दोन जुन्या गिऱ्हाइकांना त्यांच्या जागी जाऊन भेटलो, एका फौंड्रीत पाच वर्षांत पहिल्यांदा आत गेलो. त्यांना कास्टिंगमध्ये मशीनिंगसाठी जादा मटेरियल किती ठेवायचं हे आम्ही कधी सांगितलंच नव्हतं. तेवढ्यावरून प्रत्येक नगामागं दोन मिनिटं वाचतील असं दिसतंय.

राहिलंय ते रात्रपाळीचं. दिवसा कपाटाची किल्ली स्टोअरमध्ये खिळ्यावर असते. रात्री स्टोअरचा पोरगा नसतो, मग किल्ली परत माझ्या घरी येते. काल अडीच वाजता बेल वाजली.

---

खानापूरची_सून

रात्रीला लागेल तेवढा माल संध्याकाळी मोजून वेगळ्या पेटीत काढून ठेवा. पेटीची किल्ली रात्रपाळीला मशीन लावून देणाऱ्या सेटरकडे, सकाळी पेटी मोजून घ्यायची. कपाट बंदच राहू दे.

आणि घराची बेल काढून टाका.

---

टर्नर_ते_मालक

पेटी आज करतो. बेलचं बायकोनं आधीच केलंय.